पारूबाईंचा फोटो

दुकानात येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मी नंतर बघतो, आधी हाताकडे बघतो. हातात फॉर्म असेल तर पासपोर्ट साइजचं काम. मोबाइल पुढे केला तर वाढदिवसाचा फ्लेक्स नाहीतर कपावर छापायचा फोटो. आणि हातात आधारकार्ड असेल, तेही रुमालात गुंडाळलेलं, आणि मागे एक-दोघं न बोलता उभे असतील, तर मी विचारत नाही. खुर्ची पुढे करतो. त्यांच्या घरचं कुणीतरी गेलेलं असतं.

शिरूरला, म्हणजे आम्हा जुन्या माणसांच्या घोडनदीला, माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं ते जुन्या सवयीनं. एक निळा पडदा, एक पांढरा पडदा, दोन दिवे, प्रिंटर आणि मागे फ्रेमा कापायची खोली. पूर्वी लग्नं घ्यायचो. आता लग्नं ड्रोनवाल्या पोरांकडे गेली. नवरा-नवरीला ते लोक धरणाच्या कडेला नेऊन धुरात पळायला लावतात, ते आपल्याला जमत नाही. माझ्याकडे उरलं ते पासपोर्ट आणि श्रद्धांजली. हिशेबानं सांगायचं तर दहातली सहा कामं पहिल्या प्रकारची, चार दुसऱ्या. पण मला आठवणीत राहिलेली सगळी माणसं दुसऱ्या प्रकारातली आहेत.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या भागात दशक्रियेला लग्नाएवढी माणसं जमतात. घाटावर मंडप, प्रवचन, मग गावच्या पुढाऱ्यांची भाषणं, आणि समोर खुर्चीवर गेलेल्या माणसाचा फोटो. सगळे त्याच्याकडे तोंड करून बसतात. बारा बाय अठरा इंच ही त्याची ठरलेली मापं. जन्मभर ज्याच्याकडे कुणी धड बघितलं नाही, त्याच्याकडेही त्या सकाळी पाचशे माणसं तासभर बघतात. म्हणून फोटो नीट पाहिजे.

आणि फोटो नसतो. मोबाइल आल्यापासून तर जास्तच नसतो. हे ऐकून लोक हसतात, पण खरं आहे. नातवंडांचे हजार फोटो असतात, आजीचा त्यातल्या एकात कोपर असतो. मग आधारकार्ड येतं. त्यावरचा फोटो नखाएवढा, वर उजेड भलतीकडून. त्याचा बारा बाय अठरा करायचा म्हणजे एक तीळ हातात देऊन लाडू वळायला सांगण्यासारखं आहे.

हे काम मी दौंडला शिकलो. रेल्वे स्टेशनजवळ एका उस्तादांकडे डार्करूममध्ये होतो. ते निगेटिव्हवर पेन्सिलीनं सुरकुत्या बुजवायचे. त्यांचा एक नियम होता. जिवंत माणसाला पाहिजे तेवढं गोरं करा, मेलेल्याला करू नका. जिवंत माणूस आरशात बघून स्वतःची समजूत घालतो, मेलेल्याच्या घरच्यांकडे आरसा नसतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. दोन भाऊ वडिलांच्या डोक्यावर फेटा का टोपी यावरून माझ्या काउंटरपाशी भांडले. धाकटा म्हणाला, "बापानं जन्मात फेटा बांधला न्हाई." थोरला म्हणाला, "आता तरी बांधू दे की." दोन फोटो केले. करड्याचे एक आबा दर दसऱ्याला येऊन स्वतःचा फोटो काढून ठेवतात. मागच्या वर्षीचा फाडून टाकायला सांगतात. मी म्हटलं, "आबा, मागचा चांगला होता." तर म्हणाले, "त्यात मी आजारी वाटतोय. लोकं म्हणतील, बरं झालं सुटला."

दुकानात एक बाकडं आहे. प्रिंट सुकेपर्यंत, फ्रेम बसेपर्यंत माणसं त्यावर थांबतात. कधीकधी एकाच वेळी दोन घरची. आधी कुणी बोलत नाही. मग एकजण विचारतो, "तुमचं कोण?" एवढं विचारलं की पुढचं आपोआप होतं. परवा एक तरणी बाई नवऱ्याचा फोटो न्यायला आली होती. शेजारी भावाच्या फोटोसाठी थांबलेले एक आजोबा तिला सांगत होते, "मृत्यूच्या दाखल्याच्या चार-सहा प्रती आत्ताच काढून ठेव पोरी, बँकेत एक, इम्याला एक, नंतर हेलपाटे हुतात." तिला गेल्या आठवडाभरात सगळ्यांनी धीर धर सांगितलं होतं. काय करायचं ते त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं असावं, कारण ती त्यांच्याकडे वळून बसली आणि एकेक विचारू लागली.

पण मला सांगायची आहे ती सोपानमामांची गोष्ट.

सोपानमामा मार्केट यार्डात हमाली करायचे. आता वय झालं, गाळ्यावर राखणीला बसतात. त्यांच्या मंडळी पारूबाई लग्नाकार्यात भाकरी थापायला जायच्या. आमच्याकडे लग्नात केटरिंगवाला सगळं आणतो, भाकरीला मात्र बायकाच आणतो, मशीनची कुणी खात नाही. मांडवाच्या मागे चर खणून चुलवण करायचं, त्यावर ओळीनं तवे, आणि ओळीनं सात-आठ बायका. हजार माणसांच्या भाकरी दुपारपासून रात्रीपर्यंत. पारूबाई त्या ओळीत कडेला बसायच्या.

मागच्या वर्षी त्या सकाळी पाणी भरता भरता गेल्या. मामा आधारकार्ड घेऊन आले ते दहाव्याच्या आदल्या दिवशी. मूलबाळ नाही, सांगणारं कुणी नाही, त्यामुळे उशीर झालेला. कार्डावरच्या फोटोत पारूबाईंचे डोळे अर्धे मिटलेले, अर्धं कपाळ पदरात.

"दुसरा एखादा?" मी विचारलं.

"न्हाई. तिला फोटूचं वावडं. कुणी मोबाइल काढला की पाठ फिरवायची. म्हणायची, माझं काय लगीन हाय का."

एरवी मी अशा फोटोवर दोन दिवस बसतो. इथे हातात एक संध्याकाळ होती. आता कम्प्युटरवर एक सोय आली आहे. पुसट फोटो दिला की तोच अंदाजानं डोळे उघडतो, ओठ भरतो, कातडी तुकतुकीत करतो. मी तेच केलं. पाच मिनिटांत एक प्रसन्न बाई तयार झाली. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू. माझ्या दृष्टीनं काम चांगलं झालं होतं. मामांनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितलं आणि पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी घाटावर तोच फोटो ठेवला. माणसं थोडी होती, पण जी आली ती म्हणाली, काय रूप होतं हो म्हातारीला.

पंधरा-वीस दिवसांनी मामा फ्रेम पिशवीत घालून परत आले. काउंटरवर ठेवली, ती पालथी.

"हा ठिवून घ्या."

"काच फुटली का मामा?"

"काच चांगली हाय. बाई आमची न्हाई." मग म्हणाले, "फोटोवाले, तुमच्यावर राग न्हाई. तवा दुसरं काय करणार व्हता तुम्ही. पर आता झालंय काय, डोळं मिटलं की हीच येती. ही कोण हसरी बाई. मी पारूला बघाया जातो आन् ही मधी येऊन हुभी राहती. चाळीस वर्सं बघितलेलं तोंड मला आठवंना झालंय. आदी नाक गेलं. आता डोळं चाललंत."

बाकड्यावर अजून एक गिऱ्हाईक होतं, तेही ऐकत होतं.

त्या बाईचे डोळे कम्प्युटरनं कुठून आणले असतील कोण जाणे. हजारो अनोळखी बायकांच्या डोळ्यांची ती सरासरी असणार. सरासरी काय असते ते मला कळतं. ती कुणाचीच नसते. उस्तादांनी ते पेन्सिलीच्या जमान्यात सांगून ठेवलं होतं.

मी मामांना म्हटलं, "त्या कोणाकडे कामाला जायच्या?" त्यांनी केटरिंगवाल्याचं नाव सांगितलं. मी फोन लावला. त्याची लग्नं आणि माझी लग्नं पडताळून बघितली. बरीच जुळत होती, पण उपयोग नव्हता. त्याचं कारण आमच्या धंद्याची रीत.

दोन दिवसांच्या लग्नाचं कच्चं शूटिंग दहा-अकरा तासांचं निघतं. गिऱ्हाइकाला आम्ही अडीच-तीन तासांचं देतो. कापायचं काय ते ठरलेलं असतं. घास तोंडात कोंबलेले पाहुणे, रुसलेला मामा, जांभई देणारे भटजी, आणि आचारी, वाढपी, भाकरीवाल्या. पैसे देणाऱ्याला आपली माणसं बघायची असतात, स्वयंपाकवाल्यांची तोंडं नव्हेत. आणि कापलेलं आम्ही वर्षभरात पुसतो, कारण डिस्कला जागा लागते. माझ्या हातून अशा किती लग्नांचा मागचा भाग पुसला गेला असेल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

एकच लग्न वेगळं होतं. राहूचं. मुलीचे वडील अण्णा, ऊसवाले, शिस्तीचे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, "कापायचं ते कापा, पर सगळं जसंच्या तसं मला एका डिस्कमधी द्या." मी दिलं होतं. आणि हळदीच्या दिवशी मोकळा वेळ होता म्हणून चुलवणाचंही थोडं शूटिंग केल्याचं मला आठवत होतं. पारूबाई त्या लग्नात होत्या, केटरिंगवाल्यानं खात्रीनं सांगितलं.

अडचण दुसरीच होती. त्या लग्नातली नवरी, रेणुका, तीन वर्षांमागं तापाच्या आजारात गेली. तिचा दहाव्याचा फोटोही मीच केला होता. अण्णांनी लग्नाच्या अल्बममधला एक बोटानं दाखवला होता आणि तोंड दुसरीकडे केलं होतं.

मी मामांसमोरच फोन लावला. काय पाहिजे ते सांगितलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते आम्ही उघडत न्हाई." आणि फोन ठेवला.

मामांना मी सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते.

"म्हंजी राहूची ती पोर गेली?"

"तुम्हाला माहीत होती?"

"पारू सांगायची. लई मायाळू नवरी व्हती म्हणायची." ते उठले. "मग मला भेटाया जाया पायजे."

"मामा, ते डिस्क देणार नाहीत."

"डिस्क मरू द्या. त्या पोरीच्या लग्नाच्या भाकरी आमच्या घरच्या बाईनं थापल्या, आन् पोर गेली तर आमच्याकडनं कुणी तोंड दाखवाया गेलं न्हाई. कळलंच न्हाई म्हणा. पर आता कळलं की."

आमच्याकडे ही रीत आहे. मयताच्या घरी भेटायला जायला उशीर झाला असं होत नाही. कळल्यापासून मोजायचं. वर्षांनी गेलं तरी दारात चप्पल काढून बसायचं, घरची माणसं पुन्हा पहिल्यापासून सांगतात, आपण ऐकायचं.

रविवारी माझ्या गाडीतून निघालो. न्हावरा मागे टाकून पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, गुऱ्हाळांचा धूर. मामांच्या मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, "भाकरी. दुखाच्या घरी चूल बंद आसती, भाकरी न्यायची आसती."

"तीन वर्षं झाली मामा. चूल पेटली असेल आता."

"आपल्याकडनं ऱ्हायलेली हाय ना."

"कुणी केल्या?"

"कोण हाय करायला? मीच."

अण्णांच्या मळ्यातल्या घरी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा घट्ट झाला. मी बोलायच्या आत मामाच पुढे झाले, हात जोडले. "मी घोडनदीचा सोपान. तुमच्या लेकीच्या लग्नात आमची बाई भाकरी थापाया व्हती. पोरगी गेल्याचं मला परवा कळलं. म्हून आलो."

अण्णांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी सतरंजी सरकवली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून पाणी घेऊन आल्या. मामांनी फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सोडून बघितलं. भाकरी बोटभर जाड, एका बाजूनं करपलेल्या.

"कुणी थापल्यात ह्या?"

"मीच. जरा जाड झाल्यात."

"जाड?" वहिनी म्हणाल्या. "दादा, ह्या दाराला लावल्या तर दार वाऱ्यानं हलायचं न्हाई."

मामा हसले. अण्णाही, नको असताना. मग बसणं सुरू झालं. रेणुकाला ताप कधी आला, पुण्याला कधी हलवलं, सगळं वहिनींनी सांगितलं. मामा मधे मधे फक्त "व्हय" म्हणत होते. डिस्कचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही. मी एकदा घसा खाकरला तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग वहिनींनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमच्या मंडळी कशा व्हत्या दादा? भाकरीवाल्यांत मला कुणी आठवंना. उंच व्हत्या का?"

मामांनी तोंड उघडलं. "अशी..." म्हणाले. हात वर केला, छातीशी आणला, खाली ठेवला. "अशी व्हती..." आणि पुढे काही येईना. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि ते तिथे काहीतरी शोधत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, मला सांगता येईना. माझ्याकडनं तिचं तोंड हारावलंय."

मला मग बोलणं भाग पडलं. कम्प्युटरनं केलेला फोटो, परत आणलेली फ्रेम, सगळं थोडक्यात सांगितलं. अण्णा ओट्याच्या कडेला बघत होते. वहिनी उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली डिस्क होती.

अण्णा म्हणाले, "आपलं ठरलं व्हतं."

"तुमचं ठरलं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी इचारलं न्हवतं. लावा, फोटोवाले."

अण्णा उठले आणि उसाच्या बाजूला चालू लागले.

माझा लॅपटॉप पिशवीत असतोच. हळदीचा भाग काढला, चुलवणापर्यंत गेलो. ओळीनं बायका. कॅमेरा माझ्या हातात असल्यानं चित्र थोडं हलत होतं. मी एकेकीच्या समोर जात होतो आणि सगळ्या मान खाली घालत होत्या. कडेच्या बाईनं तर सरळ पाठ केली.

"हीच," मामा म्हणाले. "पाठ तिचीच."

"चेहरा नाहीच का?" वहिनी पुढे वाकल्या.

"दावायची न्हाई ती."

माझा धीर सुटला. पण पुढे चित्र स्थिर झालं. मला आधी कळेना. मग उमगलं. मी कॅमेरा स्टँडला लावला होता आणि बंद करायचा विसरून चहाला गेलो होतो. परत आल्यावर हे बघितलंही नसणार, भाकरीवाल्यांचा भाग कापायचाच असतो, बघायचा कशाला. समोर धूर, तवे आणि वाकलेल्या, पाठमोऱ्या बायका एवढंच होतं. मी पुढे पळवायला लागलो.

"पळवू नका," मामा म्हणाले.

कॅमेऱ्यामागे कुणी नाही हे बायकांना कळलं होतं. पाठी वळल्या. कुणी पदर सैल केला, कुणी पाय लांब केले. कडेच्या बाईनं मनगटानं डोळे चोळले आणि वर बघितलं. रुंद चेहरा, नाकावर पिठाचा पट्टा, एक भुवई दुसरीपेक्षा वर, कुणाशी तरी भांडायच्या तयारीत असल्यासारखी.

मामा लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकले, एवढे की मला पडदा दिसेना.

तेवढ्यात पडद्यात पिवळं लुगडं आलं. रेणुका. तोंडाला, हाताला हळद माखलेली. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"मावशी, सरका की जरा," रेणुका म्हणाली.

"नवरीबाई, हळद लागलीय. चुलीपाशी येऊ ने."

"कोण बघतंय? ते फोटोवाले पण कॅमेरा टाकून पळाले." तिनं परातीतला गोळा घेतला, थापायला लागली. भाकरी मधोमध फाटली.

"फाटंल न्हाई तर काय," पारूबाई म्हणाल्या. "मधी दाबतीस कशाला? कडंनं फिरव. कडंनं. आण इकडं हात."

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि भाकरी फिरवली.

"आईला सांगू नका हां मावशी. तिला वाटतं मला सगळं येतं."

माझ्या शेजारून वहिनींचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "मला कवाच वाटलं न्हाई तसं." मग त्या पडद्यालाच म्हणाल्या, "आन् हळदीच्या अंगानं तिकडं गेलीस कशाला गं? मी सगळीकडं हुडकत व्हते तुला." आणि मग रडायला लागल्या.

अण्णा ओट्याच्या पायरीशी उभे होते. कधी आले कळलं नाही. आवाज ओट्याबाहेर गेला असणार.

"परत लाव," म्हणाले. मला नेहमी अहो म्हणणारे.

परत लावलं. ते मामांच्या शेजारी बसले. दुसऱ्या भाकरीपर्यंत आम्ही गेलो. ती रेणुकानं एकटीनं थापली, पारूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. तव्यावर टाकली, उलटली, आणि ती टम्म वर आली. पडद्यात दोघी एकदम हसल्या.

"फुगली," अण्णा म्हणाले.

"आमच्या हिच्या हाताखालची हाय," मामा म्हणाले. "फुगणारच."

किती वेळा लावलं ते मोजलं नाही. वहिनींनी मधे चहा केला, तो गार झाला. शेवटी अण्णा म्हणाले, "हे लग्नाच्या पिक्चरमधी न्हवतं."

"नाही. हे कापलेलं असतं."

"मग आजून किती हाय ह्यात? आम्ही न बघितलेलं?"

मी फायली बघितल्या, बेरीज केली, वजाबाकी केली. "आठ तास अण्णा. थोडं जास्तच."

त्यांनी वहिनींकडे बघितलं. तीन वर्षं त्या घरात मुलीचं सगळं होऊन गेलेलं होतं, नवं काही होणार नव्हतं. आता आठ तास शिल्लक निघाले होते. शूटिंगचे तास मोजण्यात मी जन्म काढला, पण माझ्या तोंडून आकडा निघाल्यावर समोरच्या माणसाचं तोंड असं झालेलं मी परत बघितलं नाही.

फोटोसाठी मी मागे जाऊन पहिल्या भाकरीपाशी चित्र थांबवून दाखवलं. रेणुकाचं 'आईला सांगू नका' ऐकून पारूबाई वर बघून हसताहेत ते. पण त्यात त्यांचा हात रेणुकाच्या हातावर होता, आणि रेणुकाचं अर्धं तोंड. मी म्हटलं, "मामा, मुलीचा भाग कापता येईल. फक्त मंडळींचा ठेवू."

मामा अण्णांकडे वळले. "तुमची परवानगी आसंल तर राहू दे."

"तुमच्या भिंतीवर?" अण्णा म्हणाले. "लोकं इचारतील ना, ही कोण."

"सांगीन, पारूच्या हाताखाली शिकती."

अण्णांनी पडद्यावरच्या दोघींकडे बघितलं. मग मला म्हणाले, "दोन काढा. एक आम्हाला."

मी कम्प्युटरची ती सोय वापरली नाही. नाकावरचं पीठ ठेवलं, धूर ठेवला. त्यामुळे फोटो जरा भुरकट आला. राहूची फ्रेम मी स्वतः नेऊन दिली. वहिनींनी ती दिवाणखान्यात लावली नाही, स्वयंपाकघरात लावली. ते आठ तास अण्णा-वहिनी आता रोज संध्याकाळी थोडे थोडे बघतात. एकदम संपवायचं नाही असं ठरवलंय, आणि या वेळी दोघांनी मिळून ठरवलंय. मामा महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं राहूला जातात. वहिनी त्यांना पिठलं खाऊ घालतात आणि भाकरी थापायला बसवतात. अजून जाड होतात म्हणे, पण दाराला लावण्याइतक्या नाहीत.

मामांची फ्रेम त्यांनी दुकानातून नेली. मी काच पुसली, पुढे धरली. त्यांनी बघितलं, मग डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी विचारलं नाही. डोळे उघडून तेच म्हणाले, "आली. कपाळाला आठ्या घालून आली."

दशक्रियेच्या फ्रेमेवर आम्ही दुकानाकडून चंदनाचा एक हार देतो. गिऱ्हाईक मागत नाही, आम्हीच घालतो. सवयीनं मी तो खालून काढला आणि फ्रेमेवर चढवायला गेलो.

मामांनी माझा हात धरला.

"हार नको," म्हणाले. "कामात हाय ती."